वाचक विचारतात : दशावताराच्या मुलखात एक आठवडा

प्रश्न : डिसेंबरमध्ये आठवडाभर सिंधुदुर्गात येतो आहोत. बरोबर सत्तरीची आई आणि दहा वर्षांची मुलगी आहे. समुद्र पाहून झालाय, या वेळी दशावतार आणि तिकडच्या बाकीच्या कला नीट बघायच्यात. रोज रात्री एक नाटक, असा बेत जमेल का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : रोज नको. सात दिवसांत दोन रात्री पुरे, आणि त्यांच्यामध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या. दशावतार हे इकडचं लोकनाट्य, गावोगावच्या देवळांच्या जत्रेत होणारं. आणि जत्रेतल्या नाटकाला घड्याळ नसतं. आधी ओट्या, नवस, मग पालखीची देवळाभोवती प्रदक्षिणा. पालखी आत गेली की नाटक. तोवर बारा, कधी एकही वाजतो, आणि संपता संपता उजाडतं. दुपारी दोन-तीन तास झोप काढली नाही तर ऐन युद्धाच्या प्रसंगाला मुलगी मांडीवर झोपलेली असेल.

जत्रा तिथीवर ठरतात, काही देवाच्या कौलावर. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर गाडीचं आरक्षण करू नका. कार्तिकी पौर्णिमेपासून हंगाम भरात असतो. मुक्काम कुडाळला ठेवा आणि आज कुठली दशावतारी नाटक कंपनी कुठे आहे, हे दुपारी घरमालकाला किंवा नाक्यावरच्या दुकानात विचारा. मोचेमाडकर, आरोलकर, वालावलकर, खानोलकर, पार्सेकर ही जुनी नावं. पण नावासाठी चाळीस किलोमीटर जाण्यापेक्षा जवळची जत्रा बरी. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, पहाटे वाटेत दुसरी मिळणार नाही.

चुकवू नये ती सुरुवात. बरेच पाहुणे 'मुख्य नाटक' बघायचं म्हणून दोनला पोचतात आणि आडदशावतार, म्हणजे नाटकाआधीचा पूर्वरंग, घालवून बसतात. सूत्रधार येतो, लाकडी मुखवट्याचा गणपती रिद्धी-सिद्धीसह येतो, भटजी पूजा सांगतो, मोरावरची सरस्वती नाचते. मग काळ्या कपड्यातला, लांब लाल जीभ लोंबणारा संकासुर. बाकीचे भारदस्त मराठीत बोलतात, हा मालवणीत गावातल्याच माणसांची खेचतो. मुलीला सगळ्यात जास्त हाच आवडेल. विष्णू त्याला मारतो आणि आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य कथा, लागतं.

आख्यानाला लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान, कोण कोणती भूमिका करणार हे कंपनीत ठरतं, संवाद मात्र रंगमंचावर उभ्या उभ्या रचले जातात. एकच लाकडी बाकडं कधी सिंहासन, कधी डोंगर. म्हणून तेच आख्यान दोनदा आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या रात्री ते वेगळंच असतं.

पेटी-मृदंग-झांज एका बाजूला बसतात. त्यांच्या अगदी जवळ बसलात तर झांजेत शब्द हरवतात, विरुद्ध बाजूची तिसरी-चौथी रांग धरा. आईंसाठी घडीची खुर्ची, पण ती कडेला लावा, मागचे लोक सतरंजीवर असतात. पहाटे तीननंतर दव पडतं, कानटोपी आणि शाल हवीच. जागरण झेपणार नसेल तर संध्याकाळी सात-आठला लागणारे प्रयोगही असतात. त्यात आडदशावतार बहुधा गाळतात, एवढी उणीव.

मधल्या दिवसांपैकी एक पिंगुळीला द्या, कुडाळच्या शेजारीच आहे. तिथे ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी (पद्मश्री, २०२१) चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलंय. प्रयोग पाहायचा असेल तर आदल्या दिवशी कळवून जा. चित्रकथीत कागदावरची चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक. चित्र उलटण्याचा क्षण बघा, गोष्ट तिथेच वळण घेते.

प्रश्न : सावंतवाडीची गंजिफा (गोल पत्त्यांचा संच) विकत घ्यायची आहे. नुसती शोभेची, की खेळता येते? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : खेळता येते, आणि खेळावीच. दशावतारी संचात १२० गोल पानं : दहा अवतारांचे दहा रंग (म्हणजे पत्त्यांचे गट), प्रत्येकी राजा, वजीर आणि एक ते दहा. खेळाडू तीन, प्रत्येकी चाळीस पानं. नवशिक्या फसतो तो चढत्या-उतरत्या क्रमात. मत्स्य ते वामन या पाच रंगांत वजिराखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

घेताना पानं पाठीकडून तपासा. एखाद्या पाठीवर ओरखडा किंवा रंगाचा फरक असेल तर ते पान कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळतं. हाताने रंगवलेल्या संचात एकाच रंगाच्या दोन पानांवरची चिन्हं तंतोतंत जुळत नाहीत. जुळली तर ती छापील समजा आणि किंमतही तशीच द्या. राजवाड्यात कलाकार काम करताना दिसतात, जाण्याआधी वेळ विचारून घ्या. लाकडी खेळणी चितारआळीत मिळतील.

प्रश्न : जत्रेत नाटकाचं चित्रीकरण चालतं का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : कंपनीच्या मालकाला आधी विचारा. फ्लॅश पूर्ण बंद ठेवा, डोळ्यांवर उजेड आला की रंगलेला संवाद तुटतो. रंगपटात बोलावलं तर जरूर जा, नट आपापला चेहरा स्वतःच रंगवतात. फक्त पेटाऱ्यावर बसू नका, त्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि त्याची पूजा होते.