ऑफिसचं रडगाणं आणि रविवारचा फोन

नोकरीबद्दल सारखं बोलून आपण जवळच्या माणसांना नकोसे झालोय का, ही काळजी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पुष्कळ जणांना असते. येताना तक्रार वेगळीच सांगतात. झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, डोकं दुखतं. ही गोष्ट मागाहून निघते, आणि ती सांगताना माणूस ओशाळलेला असतो. एका बाईंचा अनुभव त्यासाठी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४, एका बँकेत अधिकारी, ठाण्याच्या बाजूची शाखा. हॉस्टेलपासूनची जिवाभावाची मैत्रीण आता बेंगळुरूला आयटीत. दर रविवारी सकाळी चहा घेऊन दोघींचा तासभर फोन. आधी ऑफिसच्या कटकटी, मग कोणी कोणता सिनेमा पाहिला, कसा वाटला. लग्नं झाली, मुलं झाली, तरी हा रिवाज टिकला होता. गेल्या काही महिन्यांत मात्र मैत्रीण नुसतं ‘हं, हं’ करू लागली, मग ‘आज पाहुणे आहेत गं’, आणि एका रविवारी तिने फोन उचललाच नाही. बाई मला म्हणाल्या, “मॅडम, माझा मलाच कंटाळा आलाय, तिला का येणार नाही? ऑफिस सोडून माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाहीये.”

मी त्यांना म्हटलं, रविवारी मैत्रिणीला जसं सांगता, अगदी तसंच मला सांगा. त्यांनी सांगितलं. संध्याकाळी सहाची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, तिथे प्रत्येक शाखेचे आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची हक्काची सुट्टी, पण त्याच दिवशी विम्याचा ‘लॉगिन डे’, म्हणजे पॉलिसी विकून नोंदवायचा दिवस. रात्री साडेदहाला ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज, उद्याचं कमिटमेंट काय? मॅनेजर असा, रीजनल ऑफिस तसं. हे सगळं खरं होतं, पण ऐकताना जाणवलं की हे बोलणं गुळगुळीत झालंय. तेच शब्द त्याच क्रमाने अनेकदा बोलून झालेले होते.

म्हणून विचारलं, यातला एखादा दिवस सांगा, ज्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एका पेन्शनर आजोबांचं सांगितलं. आजोबा एफडी रिन्यू करायला आले होते. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर बँड. बाईंनी त्यांना पाच वर्षं हप्ते भरायची एक पॉलिसी सुचवायची होती, तशी वरून सूचनाच होती. त्यांनी माहितीपत्रक पुढे सरकवलं. आजोबांनी न वाचता पेन उघडलं आणि म्हणाले, “तू सांगतेस ना बाळ, मग बरोबरच असणार.” बाईंनी माहितीपत्रक परत ओढून घेतलं आणि एफडीच रिन्यू करून दिली. संध्याकाळी व्हीसीत त्यांच्या नावापुढचा शून्य दोनदा वाचला गेला.

हे त्यांनी मैत्रिणीला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगायचं काय त्यात, असं त्यांना वाटत होतं. माझ्या मते सगळं त्यातच होतं. कामाचा ताण आणि आपल्याच हातून चुकीचं काम करवून घेतलं जाण्याची भीती, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसरं दुखणं न बोलता आत राहिलं की माणूस पहिल्याबद्दल तासन्‌तास बोलत राहतो, आणि बोलूनही मोकळा होत नाही.

‘मनातलं बोलून टाक, हलकं वाटेल’ असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच अडचणीचा दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा कीस पाडत बसण्याची सवय असली, तर मैत्री जवळची असते. पण त्याच मुलांमध्ये चिंता आणि उदासीही जास्त आढळते, असं त्यात दिसलं. मोठ्यांच्या फोनवरही मला हेच दिसतं. तक्रार करणं वाईट नाही. वाईट आहे ते तक्रारीने एका जागी गोल गोल फिरणं आणि ऐकणाऱ्याला कुठेच शिरायला वाव न ठेवणं.

सिनेमांची गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटली. हल्ली काय पाहिलंत, असं विचारलं तर त्यांनी चार नावं भराभर सांगितली. त्यातल्या एकाचाही शेवट सांगता येईना. रोज रात्री अकरानंतर, अंथरुणात, मोबाइलवर, दीडपट वेगाने सिनेमा चालू असायचा आणि मधूनमधून वरती ऑफिसच्या ग्रुपचे मेसेज सरकायचे. झोपायला दीड वाजायचा. “तेवढाच वेळ माझा असतो हो,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय! दिवसभर स्वतःच्या वेळेवर ताबा नसलेला माणूस तो रात्री झोपेतून वसूल करतो. त्याला आळशी किंवा बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण झोप कमी पडते ती पडतेच, आणि दुसऱ्या दिवशीची व्हीसी दुप्पट टोचते.

कामातून सावरण्यावर सबीना झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांचं २००७ चं संशोधन आहे. सावरायला लागणाऱ्या चार गोष्टी त्यांनी मांडल्या: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं जमल्याचा अनुभव, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. बाईंच्या सिनेमात यातलं थोडंफार असलं तर चौथं होतं. मन सुटत नव्हतं, कारण ऑफिस त्याच स्क्रीनवर हजर होतं.

औदासीन्याच्या आजाराची लक्षणं आहेत का, हे मी सुरुवातीलाच तपासलं होतं. सुट्टीतही कशात जीव रमत नाही, भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, असं काही असेल तर नुसत्या समुपदेशनावर थांबू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. तातडीची मदत हवी असेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर अहोरात्र असते. बाईंचं तसं नव्हतं. गावाला गेल्या की दुसऱ्या दिवसापासून त्या हसत-बोलत असत.

ठरलं ते साधंच होतं. सिनेमा आठवड्यातून एक, शनिवारी, टीव्हीवर, मूळ वेगात, मोबाइल दुसऱ्या खोलीत. त्यांनी नवऱ्याबरोबर ‘द लंचबॉक्स’ निवडला, २०१३ चा. पुढच्या भेटीत आल्या आणि बसायच्या आत सुरू झाल्या. इरफानचा क्लेम्स खात्यातला कारकून राहिला बाजूला, त्यांना आवडल्या होत्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. खालच्या मजल्यावरची नायिका इला खिडकीतून तिचं दुःख सांगते, आणि आंटी दोरीला बांधलेल्या टोपलीतून मसाला खाली सोडतात. “पण मॅडम, आंटींचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला आहे. त्यांचं कोण ऐकतं?” हे त्यांनी आपणहून विचारलं. मला पुढे काही सुचवावं लागलं नाही.

त्याच रात्री त्यांनी मैत्रिणीला मेसेज केला: “अगं, किती महिने रविवारी मीच बोलतेय. तुझं काय चाललंय मला ठाऊकच नाही. या रविवारी आधी तू.” उत्तर आलं ते लांबलचक व्हॉइस मेसेजने. मैत्रिणीचं प्रोजेक्ट बंद होऊन ती दोन महिन्यांहून जास्त काळ बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, होती. नोकरी जाईल या धास्तीने तिचीही झोप उडालेली. “तू आधीच इतकी वैतागलेली असायचीस, त्यात माझं कुठे घालू?” म्हणजे ती कंटाळली नव्हती, तिला बोलायला जागा मिळत नव्हती. त्या रविवारी आजोबांची गोष्ट शेवटी सांगितली गेली. मैत्रिणीने सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाली, “बरं केलंस गं.” मग ‘लंचबॉक्स’च्या अर्धवट सोडलेल्या शेवटावरून दोघींचं मनसोक्त भांडण झालं.

मैत्रीण परत मिळाली म्हणून व्हीसी थांबत नाही, हेही सांगायला हवं. ‘सकारात्मक विचार करा’ असं मी अशा वेळी कुणालाच सांगत नाही, कारण अडचण बाईंच्या विचारांत नव्हती. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावल्याच्या नोंदी त्या आता तारखेनिशी ठेवतात. युनियनच्या प्रतिनिधींशी त्या बोलल्या आहेत. ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट असतो, साडेदहाच्या मेसेजला उत्तर सकाळी शाखेत पोचल्यावर. त्यावरून मॅनेजरने एकदा केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, रात्री दिलेला आकडा सकाळी बदलतोच, मग सकाळीच खरा देते.” बदलीचा अर्ज रीजनल ऑफिसात पडून आहे.