एबीआय 1.46 आला म्हणजे पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे ना? मग डॉक्टर पर्फ्युजन (ऊतीपर्यंत पोचणारं रक्त) मोजायला का सांगतात?

चांगला आहे असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. उलट 1.46 दिसला की आमच्या लॅबमध्ये आम्ही जरा सावरून बसतो.

मी ठाण्यात नौपाड्याजवळ एका व्हॅस्क्युलर लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचे पायच बघतो. तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याला सासरे तुमच्याकडे असतात, वीस वर्षांची शुगर आहे, अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही. एबीआय 1.46, घरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 98 आणि पीआय (पर्फ्युजन इंडेक्स) 4. एवढं सगळं असताना ‘टिश्यू पर्फ्युजन बघून या’ म्हणजे पैसे काढायचा प्रकार आहे का, असा तुमचा प्रश्न. नाही, ताई. डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

एबीआय म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. 1 ते 1.4 ठीक, 0.9 किंवा खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा. दंडाला 130 आणि घोट्याला 190 भरलं की 1.46 येतो. आता घोट्याला एवढं बीपी कुठून आलं? जुन्या डायबिटीसमध्ये आणि किडनीच्या आजारात पायाच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं. बागेतली रबरी नळी पायाखाली दाबली की पाणी थांबतं. लोखंडी पाइपावर उभं राहून नाचलात तरी थांबत नाही. कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, फुगत फुगत 190 ला गेला तो पाइप कडक झाल्यामुळे. आत धो धो वाहतंय की करंगळीएवढी धार आहे, हे त्याला कळतच नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका काकांचा असाच रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून पुढे पाठवला होता. सरांनी तो परत पाठवला आणि एवढंच विचारलं, “पायाला हात लावलास का?” मी लावला नव्हता. काका कॉटवरून पाय खाली सोडून बसले होते, पाय छान लालबुंद. त्यांच्या मुलीलाही तेच वाटत होतं, की रक्त आहे म्हणून तर लाल आहे. सरांनी त्यांना आडवं केलं, पाय उचलून धरला. मिनिटभरात तळवा पांढराफटक. खाली सोडल्यावर हळूहळू पुन्हा जांभळट लाल. अंगठ्याचं टोक दाबून सोडलं तर रंग परत यायला पाच-सहा सेकंद लागले. एरवी दोन-तीन सेकंदांत यायला हवा. रात्री दुखतं म्हणून काका पाय खाली लोंबकळत ठेवून झोपायचे. ही सवय ऐकली तरी आम्ही कान टवकारतो. सासऱ्यांना तसं काही होतं का, विचारून बघा.

ऑक्सिमीटरचं म्हणाल तर 98 म्हणजे रक्तातल्या 100 पैकी 98 जागांवर ऑक्सिजन बसलेला आहे. किती रक्त पोचतंय, हे तो सांगत नाही. पीआय हा नाडीबरोबर हलणाऱ्या रक्ताचा अंदाज आहे खरा, पण तो ज्या बोटाला लावलाय त्या बोटाचा. हाताच्या बोटाचा पीआय घेऊन पायाच्या जखमेचं काय करणार? शिवाय हात गार पडला की तो घसरतो. कोविडमध्ये घरोघरी घेतलेलं हे यंत्र आता लोक कशालाही लावतात.

पर्फ्युजन म्हणजे ठरावीक वजनाच्या ऊतीला मिनिटाला किती रक्त मिळतं. मेंदूच्या 100 ग्रॅमला मिनिटाला साधारण 50 मिली लागतं, 10 च्या खाली गेलं की पेशी मरू लागतात. म्हणून लकव्याच्या पेशंटचा सीटी पर्फ्युजन काढतात: किती भाग गेला, किती अजून वाचवता येईल. हृदयासाठी टेक्निशियम जोडलेलं औषध शिरेतून देतात, ते रक्त पोचेल तेवढंच स्नायूत बसतं. (अशी किरणोत्सारी औषधं पुरवणारी अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था तुमच्या शेजारी वाशीतच आहे.) पायासाठी मात्र एवढं लांब जावं लागत नाही.

पहिलं टो प्रेशर. बोटांच्या धमन्यांत कॅल्शियम सहसा कमी बसतं, म्हणून अंगठ्याला छोटा कफ बांधतात. अंगठ्यालाच जखम असेल तर शेजारच्या बोटाला. 60 मिमीच्या वर दिलासा, 30 च्या खाली गेलं तर जखम आपोआप भरेल ही आशा धरू नये. दुसरं टीसीपीओटू, म्हणजे त्वचेतून बाहेर येणारा ऑक्सिजन. जखमेच्या बाजूला चांगल्या कातडीवर चिकट रिंग, त्यात दोन-तीन थेंब द्रव, वर सेन्सर. तो 44 अंशांपर्यंत तापतो. एक सेन्सर छातीवरही लावतो, तुलनेला. सुरुवातीला आकडा हवेचा असतो, दीडशेच्या आसपास. मग घसरत जातो आणि पंधरा-वीस मिनिटांनी एका जागी बसतो. नातेवाईक घसरणारा आकडा बघून घाबरतात, घाबरू नका. इथेही हिशेब साधारण तोच, 60 आणि 30. पाय सुजलेला असेल किंवा जखमेत पू असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून एका आकड्यावर कुणी बलून टाकायला, म्हणजे फुगा घालून धमनी उघडायला, धावत नाही.

दोन्हीत सुई नाही, डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) नाही. सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर हे महत्त्वाचं, कारण अँजिओग्राफीचा डाय किडनीला जड जाऊ शकतो. आकडे कमी आले तर अँजिओग्राफीचा विषय निघेलच. तेव्हा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हाताशी असू द्या. जखम काळी पडली, वास यायला लागला किंवा ताप आला तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जाताना मोजे घालून न्या, लॅबमधला एसी गार असतो आणि गार पायाचे आकडे पडतात. त्या दिवशी सकाळची बिडी-सिगारेट, तंबाखू बंद. आणि आत घ्यायच्या आधी लघवीला जाऊन यायला सांगा. सेन्सर लावल्यावर पाऊण तास उठू देत नाही आम्ही.