विंडोज ७ टाकल्यापासून जुन्या पीसीत नेटवर्क कार्ड दिसत नाही, नवीन घ्यावं का?

जुन्या डेस्कटॉपला फॉरमॅट मारून विंडोज ७ टाकलं, तेव्हापासून लॅन कार्ड दिसत नाही आणि दुकानदार नवीन कार्ड घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात पैसे घालवू नका. कार्ड गेलंय की नुसता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नाही, हे आधी घरीच कळतं.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळ्या खुणेचा 'इथरनेट कंट्रोलर' दिसला, तर बोर्डाला कार्ड सापडतंय. फॉरमॅटनंतर बहुतेकदा हेच निघतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्समध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीईएनपुढची चार अक्षरं कंपनीची, डीईव्हीपुढची चार मॉडेलची. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम. त्यावरून नेमका ड्रायव्हर फोनवर उतरवून केबलने कॉपी करा. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर देणारी सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, त्यांच्याबरोबर नको ते घरात येतं.

यादीत काहीच नसेल तर पीसी बंद करा, पॉवर केबल आणि लॅन केबल दोन्ही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पीसी बंद असला तरी लॅनच्या चिपला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय मिळत राहतो, त्यामुळे अडकलेली चिप साध्या रीस्टार्टने सुटत नाही. पाच मिनिटांनी केबल लावून बघा. हा उपाय फुकटातला आहे आणि लोक नेमका तोच सोडून देतात.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, 'ऑनबोर्ड लॅन' एनेबल आहे ना, ते पाहा. पीसीचं घड्याळ सारखं मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर सेटिंग टिकणार नाही. कार्ड वेगळं बसवलेलं असेल तर काढून त्याचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसा आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा.

एवढं करूनही शंका राहिली तर पेनड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करता चालू करा आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड द्या, लहान अक्षरांत. तिथे कार्ड दिसलं तर दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही नसेल, तर मी खुशाल नवीन घ्या म्हणेन. फक्त बोर्डावर पीसीआय स्लॉट आहे की पीसीआय एक्सप्रेस, ते आधी बघा, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. स्लॉटच मोकळा नसेल तर यूएसबी लॅन अडॅप्टर घ्या, पण त्यासोबत विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळतो का, हे विचारूनच.