राखेचं सिमेंट: सुरुवात करताना

जिओपॉलिमरचे, म्हणजे राखेत सोड्याचं पाणी घालून केलेल्या बिनसिमेंटच्या काँक्रीटचे, व्हिडिओ पाहून कॉस्टिक सोडा आणायला निघाला आहेस, ते आधी थांबव. ऐरोलीच्या बाल्कनीत तो उद्योग नको. सोडा विरघळताना पाणी चटका बसेल इतकं तापतं.

पहिल्यांदा सिमेंटमधलं २५ टक्के काढून तिथे फ्लाय अॅश (कोळसा जळून उरणारी बारीक राख) घाल, बस्स. सिमेंट ओपीसीच (साधं पोर्टलँड सिमेंट) घे. पीपीसीत (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) १५ ते ३५ टक्के राख आधीच असते, त्यात आणखी घालून पुष्कळजण फसतात. राख औष्णिक वीज केंद्रातली, कोरडी, बोटांत मैद्यासारखी लागणारी हवी. चुलीची चालत नाही. महापे-तळोज्याकडच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर विचारून बघ. मिसळताना मास्क लाव.

नवखे इथे चुकतात:
- पाणी सढळ हाताने ओततात.
- चाचणीसाठी ओतलेले ठोकळे उन्हात वाळवतात. ओल्या गोणपाटाखाली ठेव, गोणपाट सुकू देऊ नकोस.
- सातव्या दिवशी ठोकळा फोडून हिरमुसतात. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी राखेची क्रिया सावकाश होते, त्यामुळे २८ दिवस थांबावंच लागतं.

बिनराखेचे दोन-तीन ठोकळेही त्याच दिवशी ओत, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि सध्या कुंड्याच कर, घराच्या खांबाला हात लावू नकोस! स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) नंतर बघू.