सहलीला जायचंय, पण मावशी सासवडला राहते

‘गे पुरुषांच्या ग्रुपबरोबर दोन दिवस गावाकडे जायचंय. कोणी ओळखलं तर?’ हा प्रश्न समुपदेशनात नेहमी येतो. ठिकाण तेवढं बदलतं. या वेळी विचारणारा चौतीस वर्षांचा होता. हडपसरला आई-वडिलांबरोबर राहणारा, एका कंपनीत हिशेब सांभाळणारा. पुण्यात २०११ पासून प्राइड, म्हणजे समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांची मिरवणूक, निघते, तो एकदाही गेलेला नव्हता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्याची संमती आहे.)

बेत साधा होता. फेब्रुवारीच्या अखेरीस शनिवारी सकाळी सातला अकरा जण दोन गाड्यांतून निघणार. सोलापूर रस्त्याने यवत गाठून गुऱ्हाळ बघायचं, दुपारी भुलेश्वरवरून पुरंदरात उतरायचं, शेतघरात मुक्काम, रविवारी पहाटे अंजिराची तोडणी आणि दिवे घाटाने परत. माणशी बावीसशे रुपये. त्याने पैसे भरले, परत मागितले, पुन्हा भरले. ग्रुपचा संयोजक शेवटी म्हणाला, ‘एकदाचं काय ते ठरव.’

मित्र धीर देत होते, ‘काही होत नाही, बिनधास्त चल.’ अशा धीराने भीती दहा मिनिटं गप्प बसते आणि पुन्हा दुप्पट जोराने बोलायला लागते. इथे तर भीती खोटीही नव्हती. त्याची मावशी सासवडला राहते, मावसभावाचं तिथे किराणा दुकान आहे आणि परतीचा रस्ता सासवडवरूनच. म्हणून ‘कोणी ओळखणार नाही’ हे वाक्य आम्ही एकदाही वापरलं नाही. ओळखू शकतात. पण ओळखून त्यांना कळेल काय?

कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे ‘मावशीला काय दिसेल’, दुसरीकडे ‘त्यावरून तिला काय कळेल’. पहिल्या रकान्यात अकरा पुरुष, दोन गाड्या, हातात गुळाची ढेप. दुसरा रकाना बराच वेळ कोरा राहिला. मग त्यानेच लिहिलं, ‘मित्र आहेत.’ सासवडच्या रस्त्याने शनिवार-रविवारी अशी टोळकी कितीतरी जातात, बरेचसे जेजुरीला.

बाहेर काही फुटलंच तर ते बहुतेक वेळा फोनमधून फुटतं. त्यामुळे एक अख्खं सत्र फोनवर घालवलं. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आणि त्याचा फोटो असा होता की लॉक स्क्रीनवर सूचना आली की शेजारी बसलेल्या आईला वाचता यावं. संयोजकाला सांगून नाव ‘गूळ-अंजीर’ करून घेतलं. ग्रुपमधले फोटो आपोआप गॅलरीत उतरत होते आणि गॅलरीचा बॅकअप घरातले सगळे वापरतात त्या टॅबवर दिसत होता. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं! त्या ग्रुपपुरती ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली, टॅबवरून खातं काढलं. पैसे वडिलांबरोबरच्या संयुक्त खात्यातून जायचे, ते पगाराच्या खात्यावर नेले. यूपीआयच्या टिपेत काय लिहितो हेही बघायचं, कारण ती टीप खात्याच्या उताऱ्यात उमटू शकते. ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो, तेव्हा प्रोफाइलला कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो असला तर तो बदललेला बरा. एवढं सगळं चाळीस मिनिटांत झालं. आधीचे तीन आठवडे तो रात्री दोनपर्यंत जागत होता.

फोटोचा नियम मात्र एकट्याने करता येत नाही, तो ग्रुपने पाळायचा असतो. ‘ज्यांना फोटो नको त्यांनी सांगा’ असं म्हटलं की लाजाळू माणूस सांगत नाही. उलट विचारायचं, ‘फोटो कोणाला चालतील?’ हात वर करतील तेवढ्यांचेच काढायचे. संयोजकाने ते लगेच मान्य केलं. मान्य करायला कुरकुर करणारा संयोजक भेटला तर त्या सहलीला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी काय सांगायचं? ऑफिसचं काम, क्लाएंट, सोलापूर अशी त्याची लांबलचक गोष्ट तयार होती. खोट्याला जेवढे तपशील जास्त, तेवढे पुढे लक्षात ठेवावे लागतात. त्यापेक्षा खरंच, पण हवं तेवढंच सांगावं: ‘मित्रांबरोबर गुऱ्हाळ आणि अंजिराच्या बागा बघायला चाललोय, रविवारी दुपारी येतो.’ यात एक शब्द खोटा नाही. सहलीला जाणं म्हणजे घरी सांगून टाकणं नव्हे. या दोन निर्णयांची त्याच्या मनात गाठ बसली होती, ती सुटल्यावर खांदे खाली आलेले दिसले.

रात्रीचा प्रश्न त्याने तिसऱ्या सत्रात विचारला, तोही दाराशी चप्पल घालताना. ‘तिथे... तसलं काही असतं का?’ असे प्रश्न दाराशीच येतात. असं काही होईलच असंही नाही आणि होणारच नाही असंही नाही. मोठी माणसं आहेत. म्हणून आधीच विचारून घ्यायचं: झोपायची सोय कशी, खोलीत बरोबर कोण, दारू आहे का, नको वाटलं तर दुसरीकडे झोपता येईल का. उत्तर आलं की हॉलमध्ये सगळ्यांच्या गाद्या, आणि पहाटे पाचला उठायचंय म्हणून दारू नाही. शिवाय परतीची सोय स्वतःच्या हातात असावी: खिशात थोडी रोकड, एका रिक्षावाल्याचा नंबर आणि सहलीतल्या एकाला आधीच सांगून ठेवलेलं की मी मधूनच निघू शकतो. निघायची वाट माहीत असली की माणूस सहसा थांबतो.

पोलिसांची भीती दोन मिनिटांत मिटली. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. एका घरात राहणं तर त्याआधीही नव्हता. त्याला पूर्वी एका डॉक्टरांनी ‘लग्न कर, बदलशील’ असं सांगून औषधं दिली होती, ती आठवण मात्र लवकर हटेना. असे बदलाचे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे, हे त्याला लिहून दिलं. तो कागद त्याने पाकिटात ठेवला.

प्रत्येकाला मात्र ‘जा’ म्हणता येत नाही. घरी मारहाण होत असेल, फोन हिसकावून तपासला जात असेल, शिक्षणाचा किंवा राहण्याचा सगळा खर्च घरावर असेल, तर मुक्कामाची सहल ही पहिली पायरी नव्हे. आधी शहरातच दोन तासांची चहाची भेट. यालाही आधी तसंच भेटायला लावलं: संयोजक आणि आणखी दोघे, रविवारची दुपार, कॅम्पातलं गर्दीचं हॉटेल. गाडीत बसताना अकरापैकी तीन चेहरे ओळखीचे असले की पहिला तास सोपा जातो.

राहिला गावातल्या माणसांचा प्रश्न. गुऱ्हाळावर ‘तुम्ही कुठले, एका कंपनीतले का, लग्न झालंय का’ हे विचारणारच. त्यात संशय नसतो, ती बोलायची रीत आहे. दोन वाक्यं तोंडात बसवली: ‘पुण्यातले मित्र आहोत’ आणि ‘अजून नाही, मामा.’ लगेच त्यांच्या कामाबद्दल प्रश्न टाकायचा. कोणता टाकायचा, हे कळायला काम थोडं माहीत हवं. एका आधणाला, म्हणजे एका वेळी उकळायला ठेवलेल्या रसाला, साधारण अडीच-तीन तास लागतात, म्हणून आधण कधी उतरणार हे आदल्या दिवशी फोनवर विचारून अर्धा तास आधी पोचायचं. नाहीतर नुसता रस उकळताना बघून परत यावं लागतं. भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. एकशे पाचच्या आसपास काकवी, एकशे सतरा-अठरा अंशांना गूळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, बहुतेकदा थर्मामीटर बघत नाही, पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो. पायात बंद बूट हवेत आणि काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) चार हात लांब उभं राहायचं, उकळता पाक उडाला तर कातडीला चिकटून भाजतो. पिवळाधमक गूळ मागायचा नाही, तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस या रसायनाचा असतो.

तो सांगत होता ते असं: गुळव्याने ‘लग्न?’ विचारलं, याने ‘अजून नाही, मामा. गोळी कशी कळते?’ म्हटलं. मामांनी त्याचाच हात धरून पाण्यात बुडवला आणि गोळी त्याच्या बोटांत दिली. पुढची वीस मिनिटं लग्नाचं नावही निघालं नाही.

बिघडलं ते भलतीकडेच. ग्रुपने फोटोचा नियम पाळला, पण गुऱ्हाळवाल्याच्या पुतण्याने मागून फोटो काढला आणि ‘पुण्याचे पाहुणे’ म्हणून स्टेटसला लावला. जाहिरात म्हणून. ग्रुपचे नियम ठरवताना यजमानाला सांगायचं राहून गेलं होतं. याचे हात थंड पडले. ठरल्याप्रमाणे तो संयोजकाकडे गेला, रकान्यांचा कागद काढून पुन्हा वाचला आणि फोटो काढायला लावायचा की नाही ते ठरवलं. घाईने काढायला लावला तर पुतण्याला ‘का बरं?’ असा प्रश्न पडला असता. राहू दिला.

रविवारी पहाटे अंजीर तोडताना त्याने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. देठाचा चीक आणि पानांची लव यांनी हात दिवसभर खाजले, पण तो वैतागला नव्हता. अंजीर झाडावरच पिकतं आणि तोडल्यावर दीड-दोन दिवसांत उतरतं, म्हणून घरी अर्धा किलोच घेतलं. गूळ मात्र कोमट असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तो घरी येईपर्यंत पाझरला.

मंगळवारी मावशीचा फोन आला. मावसभाऊ त्याच गुऱ्हाळाचा गूळ दुकानात ठेवतो, स्टेटस त्याने बघितलं होतं. ‘दारावरून जातोस आणि घरी येत नाहीस? जेवण काय जड झालं असतं मला?’ मग म्हणाली, ‘कोण रे ही पोरं?’ ‘पुण्यातले मित्र.’ ‘तुला इतके मित्र आहेत हे ठाऊकच नव्हतं मला.’

सत्रात हे वाक्य त्याने तीनदा सांगितलं. सीताफळाच्या दिवसांत सगळ्यांना घेऊन जेवायला ये, असं मावशीने बजावलं आहे. त्यासाठी नवा कागद काढलाय आणि रकान्यांच्या वर त्याने आधी एक ओळ लिहिली: मावशीकडे यायला चालेल का, हे त्या दहा जणांना आधी विचारायचं.