तर्री किती, हे ठेलेवाला विचारतो

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. जुलैमध्ये कॅन्टीनमध्ये बसून आमच्या ग्रुपमधल्या आठही जणांनी ती चार अक्षरांत स्वभावाचा टाइप सांगणारी ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट दिली, माझं आयएनएफपी आलं. तेव्हापासून सगळे मला इंट्रोव्हर्ट इंट्रोव्हर्टच करून राहिले. गेल्या रविवारी सगळे फुटाळा तलावावर गेले अन् मला साधा फोनही नाही, वरून म्हणे तुला गर्दी जमत नाही ना म्हणून नाही विचारलं. सेमिनारलाही 'तू स्लाइड बनव, बोलायचं आम्ही पाहतो'. मग मी गुपचूप परत टेस्ट दिली तर ईएनएफपी आलं! आता खरी मी कोणती?
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : अगं बाप्पा, दोन्ही वेळी तूच होतीस ना! बदललं फक्त पहिलं अक्षर, आय म्हणजे इंट्रोव्हर्ट, आपल्यातच रमणारी, अन् ई म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट, लोकांत रमणारी. ते कसं पडतं सांगते. तर्री पोह्याच्या ठेल्यावर कोणी म्हणतं थोडीशी टाका, कोणी म्हणतं वेगळ्या वाटीत द्या, कोणाचे पोहे पार बुडलेले असतात. पण ही टेस्ट काय करते, मधोमध रेघ मारते, रेघेच्या इकडचे सगळे बिनतर्रीवाले अन् तिकडचे सगळे तर्रीवाले. खरं तर बहुतेक माणसं असतात मधेच कुठंतरी. तुला 48 आले तर इकडे, 52 आले तर तिकडे, आणि आदल्या रात्री झोप नाही झाली की दोनचार उत्तरं अशीच हलतात. काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की कितीतरी जणांचा टाइप बदलतो हे संशोधकांनीही दाखवून दिलंय, तू काही एकटी नाहीस.

ही अक्षरं आली अमेरिकेतल्या माय-लेकींकडून, कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, इसाबेल तर आधी रहस्यकथा लिहायची (मला हे लय आवडतं). आधार घेतला स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या पुस्तकाचा, आणि गंमत म्हणजे निव्वळ इंट्रोव्हर्ट किंवा निव्वळ एक्स्ट्रोव्हर्ट असा माणूस नसतोच, हे युंगनेच म्हणून ठेवलंय. मोबाईलवरच्या फुकट टेस्टा नुसती ती अक्षरं उचलतात.

मग वाचताना 'अरे हे तर मीच' असं काहून वाटतं? 1948 मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या 39 पोरांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा रिझल्ट' म्हणून एकच मजकूर वाटला, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. हे कितपत माझ्यासारखं आहे, याचे पोरांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले!

टेस्ट टाइमपास म्हणून दे गं, मीही दिली आहे. पण तुझं दुखणं ते अक्षर नाहीच, त्या अक्षरामुळे तुला कोणी विचारणंच बंद केलं हे आहे. ठेलेवालासुद्धा विचारल्याशिवाय तर्री टाकत नाही. तर पुढच्या सेमिनारला सुरुवातीची पाच मिनिटं मी बोलणार असं आजच ग्रुपवर टाक, अन् फुटाळ्याचं सरळ सांग, वाईट वाटलं म्हणून. रीलवाले काय सांगतात ते जाऊ दे, त्यांना सोळा टाइपचे सोळा व्हिडिओ बनवायचे असतात.

प्रश्न : मुलीने चांगलं स्थळ नाकारलं, मुलाचा टाइप जुळत नाही म्हणे. पत्रिका तर 28 गुणांनी जुळत होती हो!
— एक आई, महाल

उत्तर : काकू, तुम्ही 36 पैकी मोजता, ती 4 पैकी, मुलाशी अजून कोणीच बोललं नाही. दोघांना तासभर भेटू द्या, तुम्ही मात्र दुसऱ्या टेबलावर बसा.