आई-वडील तुरुंगात असतील तर मुलांना त्यांच्यासोबत ठेवण्यासाठी सरकार पैसे देतं का?

मी सोलापुरात फौजदारी वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या केसेसही बघते. तुमच्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही.

आईजवळ मूल ठेवायला वेगळं अनुदान नाही, तो हक्कच आहे. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत राहू शकतं आणि त्याचं खाणंपिणं, कपडे, औषधपाणी, पाळणाघर सरकारने बघायचं. तुरुंग हा राज्याचा विषय, म्हणजे हा खर्चही राज्याच्या तिजोरीतून. बाळ आत जन्मलं तर दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचा नाही, हेही त्याच निकालात आहे. दाखला मिळाला की ते आधी तपासा.

बंद तुरुंगात वडिलांसोबत मूल राहू शकत नाही. 'गळाभेट' असते, जाळीशिवाय मुलाला जवळ घेता येतं, पण ती भेटच.

सहा वर्षं पूर्ण झाली की मूल बाहेर, आणि खरी ओढाताण तिथून पुढे. आपल्याकडे ते बहुधा आजीच्या पदरात पडतं. विडी घरकुलातल्या एक आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळताच मला विचारत होत्या, "पोराचं नाव कुठं घालायचं?" अशांसाठी बाल संगोपन योजना आहे: २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. घोडं बहुतेक वेळा एकाच कागदापाशी अडतं, पालक आत असल्याचा पुरावा. कारागृह अधीक्षकांचं पत्र आधीच मागून ठेवा.

कुटुंबासकट राहण्याची सोय मात्र आपल्या शेजारीच आहे. सांगोल्याची हद्द ओलांडली की आटपाडी, तिथली स्वतंत्रपूरची खुली वसाहत. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केली. चांगल्या वर्तणुकीचे कैदी तिथे बायकामुलांसोबत राहून शेती करतात. जागा अगदी मोजक्या. माझं मत विचाराल तर नव्या बराकी बांधण्याआधी सरकारने अशा चार वसाहती उभ्या कराव्यात. भिंत नाही, पहारा कमी, घर कैद्याच्याच कष्टावर चालतं. पण कच्च्या कैद्याला तिथे जाता येत नाही, शिक्षा लागलेली हवी.

तुमचा माणूस अजून कच्चा कैदी असेल तर आधी जामिनाचं बघा. तुरुंगात असलेल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.